तीन खोकी आणि माझे हात

४ मार्च

मी म्हणे खोकं आहे! एक नाही, तीन!

भाची मानसशास्त्र शिकवते. मेंदूच्या तापातून मी उठले तेव्हापासून माझ्यावरच तिची शिकवणी. आज कागदावर माणसाच्या आठवणीची म्हणून तीन खोकी काढली. डोळ्या-कानांवर पडलेलं पहिल्यात क्षणभर थांबतं. दुसरं छोटं, त्यात चार गोष्टी मावतात. घोकल्या तर त्या तिसऱ्यात जातात, कायमच्या. "मावशी, तुझी दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची वाट बंद झालीय."

म्हणूनच मी कपडे शिवते त्या कारखान्याचा मालक म्हणतो, काजं करायचं नवीन मशीन हिला जमायचं नाही. महिनाभर बघू, नाहीतर घरी बसा. बसते! माझी खुर्ची काय तुझ्या बापाची?

हे अजून आले नाहीत. "बाहेरगावी गेलेत," म्हणाली भाची, आणि घाईने पाणी प्यायला उठली. ह्यांचं ताट झाकून ठेवलंय.

५ मार्च

कालचं पान वाचलं. चित्र अगदीच टाकाऊ नाही, कबूल. लग्नातल्या ह्यांच्या शर्टाचं माप मला तोंडपाठ आहे. आणि सकाळचा चहा झाला का, ते भाचीला विचारावं लागतं. जुनं शाबूत, नवं गळतं — इथवर पोरीचं बरोबर.

९ मार्च

कारखान्यात एक अनोळखी मशीन. बाया म्हणतात, रोज त्याच्यावरच बसता! सगळी काजं वाकडी. मालकाने मान हलवली. हलवू दे.

हे आले नाहीत. ताट झाकलं.

२१ मार्च

"हे मशीन कधी आणलं?" विचारलं तर बाया हसल्या. आणि विचारता विचारता माझा दोरा ओवूनही झाला! काजं सरळ, एकापाठोपाठ एक.

घरी येऊन वहीची पहिली पानं वाचली आणि भाचीला धरलं. वाट बंद ना? मग हे कुठून आत शिरलं?

"तिसरं खोकं एकच धरलंय, तिथेच हे चित्र लंगडं पडतं. लक्षात राहणं वेगळं, हातात बसणं वेगळं."

मग आधी का नाही बोललीस, शहाणे? मला खोक्यात कोंबायच्या आधी?

२ एप्रिल

मालक म्हणाला, या मशीनवर आता हीच बसेल. बघा! खोकी गेली चुलीत!

३ एप्रिल

जेवायला तीन ताटं काढायला गेले — माझं, भाचीचं, ह्यांचं. हातांनी दोनच काढली.

मागची पानं चाळली. ह्यांचं काय झालं, ते मला कुणी सांगितलेलं नाही. आणि तरी ह्यांचं ताट नाही हे बघून छातीत धस्स झालंच नाही, जणू हातांसारखं तिलाही आधीच कळलं होतं.

भाचीला म्हटलं, बस इथे. आता खरं सांग.