जाळ बाहेरूनच आला होता, आई

आई, तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाहून मी आता मोठी आहे. तू गेलीस त्या पहाटेबद्दल आपल्या घरात कुणी बोललं नाही, म्हणून तुलाच सांगायला बसले. मंगळवेढ्यात थंडी होती. आण्णा रानात ज्वारी राखायला गेलेले, मी मावशीकडं. सकाळी आण्णांनी दार उघडलं तर शेगडीजवळ तुझे पाय तेवढे ओळखू येत होते. घोंगड्याची राख झालेली, पण हातभर अंतरावरची पोती जशीच्या तशी. भिंतीपलीकडच्यांना ओरडणंही ऐकू गेलं नव्हतं. "आपोआप पेटली," लोक म्हणाले. "अंगात दारू आसंल की," असंही म्हणाले. तू तर चहाशिवाय कशाला शिवली नव्हतीस. आण्णांनी चारचौघांत जाणं सोडलं.

मी सोलापुरात नर्स आहे. आमच्याकडं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरबाईंना यंदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "माणूस आपोआप पेटत नाही. ठिणगी बाहेरूनच पडते. कापड धरतं, अंगातली चरबी वितळून त्यात मुरते, आणि तेलावर वात जळावी तसं ते तासन्‌तास संथ जळत राहतं. जाळ लहान, म्हणून आजूबाजूचं वाचतं."

"आणि दारू?"

"कितीही प्यायलं तरी अंग पेटेल एवढी दारू शरीरात नसते."

"मग ती ओरडली का नाही?"

"बहुधा आधीच शुद्ध गेली असेल. त्यांना चक्कर यायची का?"

यायची. तू परातीवर हात टेकून डोळे मिटतेस, मी बघत राहते. "काय न्हाय गं, जेव तू," म्हणतेस.

सुट्टी काढून गावी गेले, आण्णांना सगळं सांगितलं. ते खाली बघत ऐकत होते.

"म्हंजी तिचं कायच चुकलं नव्हतं?"

"न्हाय, आण्णा."

"आन् तिला कळलं न्हाय?"

"न्हाय. आधीच शुद्ध गेल्ती."

टोपी तोंडावर धरून आण्णा रडले. दुसऱ्या दिवशी पारावर चार माणसांत बसून त्यांनी तुझं नाव घेतलं. तुझं नाव त्यांच्या तोंडून मी इतक्या वर्षांनी ऐकलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. डॉक्टरबाईंचा 'बहुधा' तेवढा मी आण्णांना सांगितला नाही. तो मी माझ्यापाशीच ठेवला आहे, आणि अंथरुणाला पाठ टेकली की विचारत राहते, तुला कळलं होतं का गं?