देसाईंचं हसू आणि माझी एक क्लिक

मंगळवार, अल कुसैस, दुबई

माझं मोफत लायब्ररी सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणं कटकटीचं होतं, म्हणून माझे तेव्हाचे बॉस देसाई भर मीटिंगमध्ये हसले होते. "फुकट दिलंस तरी कोण घेणार?" ते हसू... नोकरी सोडली तरी डोक्यातून जाईना. त्याच रागात विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे एका क्लिकमध्ये बसेल असं केलं.

आज ऊद मेथा भागातल्या एका शाळेच्या लायब्ररियन बाईंनी ते स्वतः बसवलं आणि देसाईंच्या कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर काढून टाकलं! दुपारी देसाईंचा फोन.

"अगं, शाळेला जरा समजाव ना."

"सर, शाळेनं ठरवलंय. खलास."

एवढी खुनशी आहे मी? असेन.

आत्ता बाईंचा मेसेज आला, "शेजारच्या शाळेलाही देऊ?" ती शाळाही देसाईंचंच गिऱ्हाईक. लगेच लिहिलं, "यल्ला, चला, द्या!"