बांधलेले हात

बारामती,
सोमवार

प्रिय आबा,

शाळेत वडिलांना 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं. तसं लिहिलं आणि खोडलं. त्या शब्दापुढं मनातलं काही लिहिता येईना. फोनवर तर बोलायची सोय नाही, आई लगेच स्पीकर लावते. उद्या मल्हार तुमची औषधं न्यायला येईल, त्या पिशवीत हे पत्र घालतेय. त्याला वाचू देऊ नका.

घरी जाऊन तुम्हाला महिना होत आला. मल्हार सांगतो, आबा डाळिंबाच्या बागेत पार बांधापर्यंत चालत जातात, इंदापूरच्या बाजारभावावरून त्याच्याशी भांडतात. ऐकून बरं वाटतं. पण काल मी आले, तर तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायला हात धरला, तर ओढून घेतलात. आई म्हणाली, "आजारपणानं चिडचिड वाढलीय, मनावर घिऊ नगं." आबा, तुम्हाला दवाखान्यातलं काय काय आठवतंय?

न्यूमोनियानं तुम्हाला आमच्या आयसीयूत आणलं, तेव्हा आमच्या इन्चार्ज मोना सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "स्वतःच्या माणसाचा बेड घेऊ नकोस, निर्णय चुकतात." पण दोघीजणी रजेवर होत्या, आणि बेड नंबर चार माझ्याकडंच आला. अकरा दिवस व्हेंटिलेटर तुम्हाला श्वास देत होता. दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड पुसणं, नळीतला कफ ओढणं माझ्याकडं. कफ ओढताना तुमचं सगळं अंग उसळायचं. मी दर वेळी आधी सांगायचे, "आबा, आता ठसका लागंल, घाबरू नगा." ऐकू यायचं का तुम्हाला? बाकीच्या नातेवाइकांना मी ठासून सांगते, बोला त्यांच्याशी, त्यांना ऐकू येतं. तुमच्यापाशी उभी राहिले की मात्र काही खात्री वाटायची नाही.

सातव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी झोपेचं औषध कमी केलं. तुमचा तुम्हाला श्वास घेता येतो का, ते पाहायचं होतं. तुम्ही डोळे उघडले, मला ओळखलंत, आणि हात थेट नळीकडं नेलात. ती तशी उपसली असती तर जिवावर बेतलं असतं. मी तुमची दोन्ही मनगटं पट्टीनं कॉटला बांधली. मग तुम्ही माझं बोट धरलंत. मी तळहात पुढं केला आणि तुम्ही त्यावर बोटानं हळूहळू लिहिलंत: सोड. दोनदा लिहिलंत. मी म्हणाले, "आबा, जरा दम धरा." तुम्ही डोळे मिटून घेतले. पाणी आलं, ते मी पुसलं. कागदावर 'पेशंट अस्वस्थ' एवढंच लिहिलं. डॉक्टरांनी औषध पुन्हा वाढवलं. तो शब्द मी त्यांना सांगितला नाही, आईला नाही, कुणालाच नाही. चार दिवसांनी नळी निघाली. मल्हारनं सगळ्या वॉर्डात पेढे वाटले, लोकांनी माझं कौतुक केलं.

हात सोड म्हणालात, की तुम्हालाच सोड म्हणालात? कधी वाटतं, पट्टी रुतत होती, बास. कधी वाटतं, माणूस दमला होता, जायचं म्हणत होता, आणि मी ऐकलं नाही. ते नर्स म्हणून ऐकलं नाही की मुलगी म्हणून, तेही कळत नाही. हल्ली दुसऱ्या पेशंटचे हात बांधताना गाठ मारायला वेळ लागतो.

आजच लिहायला बसले त्याला कारण आहे. शनिवारी इंदापुरात काढलेला तुमचा एक्स-रे आज डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दाखवला. फुप्फुसं फार कमजोर झालीत. थंडीत पुन्हा न्यूमोनिया झाला तर पुन्हा मशीन लागेल, म्हणाले. तेव्हा मल्हार संमतीचा फॉर्म माझ्याचपुढं करणार, "ताई, तुला यातलं कळतंय, तूच सांग." आणि मला तर काहीच कळत नाहीये. येत्या रविवारी मी येते. आईला शेजारच्या साखरबाईंकडं पाठवू, आपण दोघंच बसू. मशीन लाव म्हणालात तर लावायला लावीन. नको म्हणालात तर डॉक्टरांपुढं, आईपुढं तुमच्या बाजूनं उभी राहीन. रागवायचं असेल तर रागवा. आता तुमच्या तोंडात नळी नाही, आबा. बोला.

तुमचीच,
वृषाली