यकृताची साक्ष

फ्लॅट बुश, ऑकलंड
८ जून २०२५

चि. ऋचा हिस मंदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलावं तर या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझा संताप मावत नाही.

तुझ्या चारुदत्तदादाने मला, सख्ख्या आईला, चोर ठरवलंय. सकाळी उपाशीपोटी माझी साखर ६.८ आली, म्हणजे आपल्या भारतातल्या मापाने १२२. रात्री एक भाकरी आणि दुधीची भाजी, मग साखर आली कुठून, असं सूनबाईंनी विचारलं. चिरंजीव तडक दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी पँट्रीला कुलूप! रांगत्या बाळांसाठी मिळतं ते, प्लास्टिकचं. एकतीस वर्षं बँकेच्या स्ट्राँगरूमची किल्ली माझ्या कमरेला होती, ऋचा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर लोकांनीसुद्धा कधी माझं दप्तर तपासलं नाही. इथे सुनेने, वल्लरीने, माझ्या उशीचा अभ्रा झटकून पाहिला.

मग मीही हट्टाला पेटले. आठवडाभर रात्रीचं जेवणच सोडलं. आज साखर किती? ७.४! आता तर दोघांची खात्रीच पटली आहे.

तू तिकडे प्रयोगशाळेत दिवसभर उंदरांच्या यकृतात डोकं घालून बसतेस. न खाता साखर वाढते का? हो की नाही, लेखी कळव. सहीसकट.

तुझी संतप्त,
मंदाआत्या


पामर्स्टन नॉर्थ
१३ जून २०२५

ती. मंदाआत्यास शि. सा. न. वि. वि.

हो, वाढते. चोर घरातच आहे, पण तुझ्या बरगड्यांखाली. आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागतेच, म्हणून यकृत रात्रभर स्वतः साखर तयार करतं. त्यासाठी त्याच्या पेशींतली काही जनुकं कामाला लागतात. इन्शुलिन त्यांना पुरे म्हणून सांगतं आणि ती गप्प होतात. तुझं यकृत इन्शुलिनचं नीट ऐकत नसणार. आपल्या घराण्यात कोण कुणाचं ऐकतं म्हणा!

आणि जेवण सोडून तू भलतंच केलंस. पोट जास्त वेळ रिकामं राहिलं की हीच जनुकं आणखी जोरात चालतात. तू उपास केलास, यकृताने ओव्हरटाइम केला. तेव्हा हट्ट सोड, वेळेवर जेव, जेवणानंतर अर्धा तास चाल आणि डॉक्टरांकडून तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करून घे. मी डॉक्टर नाही, उंदीरवाली आहे.

आणखी एक. ही खोड घराण्यात उतरते. दादालाही बोट टोचायला सांग.

लोभ वाढवावा, त्याने साखर वाढत नाही.
तुझी,
ऋचा (ही घे सही)


फ्लॅट बुश
२२ जून २०२५

चि. ऋचा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी शुक्रवारी जेवणाच्या टेबलाशी उभी राहून मोठ्याने वाचलं. सहीसुद्धा दाखवली. वल्लरीने माफी मागितली, कुलूप उतरवलं. वाईट नाही ती. घाबरते आणि मग झडती घेते.

शनिवारी सकाळी मी चहाआधी चारुदत्तचं बोट टोचलं. ८.१. त्याला ऐकवायची दोन वाक्यं मी आठवडाभर घोटून ठेवली होती, एक मराठीत, एक इंग्रजीत. पण त्याचा चेहरा असा उतरला की दोन्ही गिळली. उद्या डॉक्टरांकडे आम्ही दोघं जातोय.

तेवढ्यात सूनबाई त्याच्यावर उलटल्या. बाहेर काय काय खातोस, असा जाब विचारून झाला, आणि मग साक्षीला मला बोलावलं. आता तुला म्हणून सांगते. दर गुरुवारी त्याच्या गाडीत सीटखाली लॉली केकचे, त्या गोळ्या घातलेल्या गोडमिट्ट वड्यांचे, कागद सापडतात; कोपऱ्यावरच्या वाण्याकडचे, ज्याला इथे डेअरी म्हणतात. मीच ते शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकते.

मी वल्लरीच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, की माझा मुलगा बाहेर कणभर काही खात नाही, हे सगळं यकृताचं काम आहे, ऋचाने लेखी दिलंय. तिला पटलं. शास्त्र म्हटल्यावर काय बोलणार!

संध्याकाळी त्याला फिरायला बाहेर काढलं. डेअरी आली तशी त्याची चाल मंदावली. मी दंड धरून त्याला पुढे ओढलं आणि बजावलं, की घरात मी तुझी वकील, बाहेर पोलीस.

लोभ असावा, आणि तोंड बंद असावं.
तुझी,
मंदाआत्या