वीसपैकी दोन

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, इस्पितळाच्या कान-नाक-घसा विभागातून निवृत्त झालेली श्रवणचाचणी तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाचा धाक, आग्रह किंवा भीड नसताना करून ठेवीत आहे. मी पूर्ण शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मनाबद्दलचा आहे. कानांची चाचणी मी माझी मीच केली; तिचा निकाल काही सांगण्यासारखा नाही.

वकीलबाईंचं म्हणणं असं की मृत्युपत्रात मिळकत, वारस आणि वाटणी एवढंच असावं, कहाणी नको. पण चौतीस वर्षं मी माणसांना काचेच्या खोलीत बसवून, त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवून, हातात बटण देऊन एकच वाक्य बोलत आले, "आवाज आला की बटण दाबा." इस्पितळात मला सगळे बीपबाई म्हणत, तोंडावर आणि पाठीमागे. एका वाक्यावर सगळी नोकरी काढलेल्या बाईने शेवटी चार वाक्यं जास्त बोलली तर कायद्याला चालावं.

कलम १. माझं राहतं घर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते माझ्या पश्चात माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला मिळावं. वर्षातून दोनदा ती येते, घाईत चहा पिते आणि निघताना दारात म्हणते, "आत्या, मी आले होते हे बाबांना सांगू नकोस हं." अकरा वर्षांत तिच्या बाबांशी माझं एक अक्षर बोलणं नाही, मी सांगणार कुठून? पण ते तिला माहीत असूनही ती म्हणते, आणि मीही "नाही सांगत" म्हणते. तेवढं एक गुपित आमच्या दोघींचं आहे.

कलम २. बँकेतल्या ठेवींतून माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवावा. उरेल त्यातून इस्पितळातल्या काचेच्या खोलीच्या दाराला नवी रबरी पट्टी बसवावी. जुनी पट्टी फाटली आहे आणि बाहेरच्या ट्रॉलीचा खडखडाट आत येतो. मी सात अर्ज केले. सातव्या अर्जावर साहेबांनी शेरा मारला, "रुग्णांची तक्रार नाही." ऐकू येत नाही म्हणून जे आलेत, ते कशाला तक्रार करतील? पट्टी बसवून उरलेले पैसेही भाचीचे.

कलम ३. विभागप्रमुख साहेबांना काहीही नाही. का, ते त्यांना ठाऊक आहे.

कलम ४. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर यांना मी नमदा कापून केलेले सोळा गोल तुकडे द्यावेत. शिवणाच्या डब्यात आहेत. खुर्च्यांच्या पायांना चिकटवायचे. गेली वीस वर्षं ते खुर्ची उचलत नाहीत, ओढतात. सांगून जीभ झिजली. माणूस वाईट नाही, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्या खुर्चीचा या मृत्युपत्राशी असलेला संबंध पुढे येईल.

कलम ५. आता मुख्य मिळकत. मागच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर एक हेडफोन आणि एक काळी लोखंडी पेटी आहे. या दोन्ही वस्तू माझ्या धाकट्या भावाला मिळाव्यात. पेटी खरं तर त्यानेच केलेली आहे, त्यामुळे ती मी देते आहे की परत करते आहे, हे वकीलबाईंनी ठरवावं.

आई गेली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. त्याला वाढवला मी, असं लोक म्हणतात. मला आठवतं ते एवढंच की तो घरातली प्रत्येक वस्तू उघडायचा आणि मी ती बंद करायला सांगायची. मोठा झाला आणि त्याने बाजाराच्या कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, अँप्लिफायर. डोळे मिटून, स्पीकरला कान लावून तो सांगायचा, "ताई, याचा तिसरा कपॅसिटर गेलाय." तो गेलेला असायचाच.

मी निवृत्त झाले तेव्हा स्वतःसाठी आयुष्यात पहिल्यांदा महागडी वस्तू घेतली, ती हा हेडफोन. लोकांच्या कानांवर हेडफोन चढवण्यात उमर गेली, आता म्हटलं आपल्या कानांवर चढवू. धाकट्याने तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हा तीनशे ओहमचा आहे. तुझ्या त्या सेलवरच्या छोट्या सीडी प्लेअरला जोडून याचं पोट भरायचं नाही. याला वेगळा अँप्लिफायर लागतो."

"आवाज येतोय की."

"येतोय गं. नळाला दाब नसला तरी पाणी येतंच. पण वरच्या मजल्यावर चढतं का?"

मी म्हटलं, हे सगळं दुकानदारांचं शास्त्र. कानाला कळेल ते खरं, बाकी मनाचे खेळ. वाद जुंपला तो दोन महिने चालला. आम्हाला दोघांनाही त्यात मजा येत होती, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. शेवटी तो ही पेटी घेऊन आला. वर एकच खटका. एका बाजूला आवाज पेटीतल्या अँप्लिफायरमधून जातो, दुसऱ्या बाजूला अँप्लिफायर वगळून सरळ. दोन्हीकडचा आवाज त्याने मीटर लावून अगदी समान करून आणला होता, म्हणजे मोठा-लहान यावरून कुणी ओळखू नये. मी बजावलं होतं की पेटीला दिवा नको. दिवा दिसला की माणूस डोळ्यांनी ऐकतो.

त्या रविवारी दुपारी त्याची बायको होती आणि त्याची दोन जुनी गिऱ्हाइकं होती, दोघंही गाण्याचे शौकीन. धाकटा माझ्याकडे पाठ करून, हेडफोन लावून बसला. मी नाणं उडवून वीस वेळांची यादी आधीच केली होती. मी खटका बदलायचा, त्याने "पेटी" किंवा "सरळ" म्हणायचं, मी कागदावर बरोबर किंवा चूक मांडायचं. इस्पितळात करायची तशी, अगदी शिस्तीत चाचणी. मध्ये दोनदा मास्तरांनी खुर्ची ओढली, तेही मी समासात लिहिलं, "वर खुर्ची." तो एकदाही अडखळला नाही. फटाफट सांगत गेला.

मी कागद मोजला आणि मोठ्याने हसले. "वीसपैकी दोन! अरे, नाणं उडवलं असतंस तरी दहा आले असते! चल उद्या माझ्या जुन्या इस्पितळात, तुझे कान फुकट तपासून घेऊ."

सगळे हसले. त्याची बायको हसली नाही. धाकट्याने हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला. कागद बघायला मागितला नाही. माझ्या कागदावर त्याचा विश्वास होता.

बाजारात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. अँप्लिफायरवाल्याला ऐकू येत नाही, सख्ख्या बहिणीने चाचणी घेतली, आणि बहीण त्यातलीच. पण भाची सांगते की गिऱ्हाइकांमुळे दुकान बंद नाही पडलं. तोच स्पीकरला कान लावायचा आणि उठून बसायचा. "माझा भरवसा नाही," म्हणायचा. वर्षभरात त्याने दुकान बंद केलं आणि लिफ्टच्या देखभालीच्या कामाला लागला. तिथे कान लागत नाहीत. माझ्याकडे यायचा थांबला. मला वाटलं, फुरंगटलाय, येईल. मी मोठी, मी का जाऊ? जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला आहे, ते माफी मागायच्या वेळी कळलं.

पेटी मी ठेवून घेतली, कारण हेडफोनची जाड पिन माझ्या प्लेअरच्या बारीक भोकात बसवणारा छोटा जोड तुटला होता आणि पेटीला जाड भोक होतं. पण हट्टाने खटका खालीच ठेवला. इस्पितळातल्या यंत्रावर खटका वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. चौतीस वर्षं हाताला तीच सवय. खाली, म्हणजे अँप्लिफायर बंद. अकरा वर्षं मी रोज दुपारी गाणी ऐकली आणि रोज मनात म्हटलं, बघ धाकट्या, तुझ्या पेटीवाचून काही अडत नाही.

या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी, गाणं चालू असताना पहिल्यांदाच, इमारतीची वीज गेली. गाणं तुटलं. प्लेअर सेलवर चालतो, त्याची तबकडी फिरताना मला दिसत होती. मग आवाज कुठे गेला? मी खटका वर केला. गाणं परत आलं.

मी खटका खाली केला. शांत. वर केला. गाणं.

वीज नसताना अँप्लिफायर चालू असूच शकत नाही. म्हणजे वर होतं ते सरळ. आणि खाली होता तो अँप्लिफायर. धाकट्याने खटका घरातल्या दिव्यांसारखा बसवला होता, खाली म्हणजे चालू. ज्या घरात मी त्याला वाढवला, त्या घरात दिवा तसाच लागायचा. त्याला वाटलं, हे काय ताईला सांगायचं?

अकरा वर्षं मी ज्या पेटीला बंद समजून टोमणे मारले, तिच्यातूनच ऐकत होते. त्याचं मला हसू आलं असतं. पण मग मी कपाटातून तो कागद काढला. मी "पेटी" समजले तेव्हा तो "सरळ" म्हणाला होता. मी "सरळ" समजले तेव्हा तो "पेटी" म्हणाला होता. अठरा वेळा. उरलेल्या दोन्ही वेळांसमोर समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "वर खुर्ची."

नाणं उडवलं असतंस तरी दहा आले असते, हे मी माझ्या तोंडाने बोलले होते. ज्याला ऐकू येत नाही त्याचे अंदाजाने दहाच्या आसपास येतात. अठरा चुका करायला कान तेज असावे लागतात. हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवायची. माझ्या भावाच्या वेळी मला हसायची घाई झाली होती. त्या दुपारी मी खूप रडले, आणि डोळे पुसायला कुणी नव्हतं हेही तेव्हाच नीट लक्षात आलं.

कलम ६. दुरुस्ती. सदर चाचणीचा निकाल मी याद्वारे रद्द करते. तो "वीसपैकी अठरा, दोन वेळा बाहेरचा आवाज" असा वाचावा. मूळ कागद या मृत्युपत्राला जोडला आहे. त्याची एकेक नक्कल त्या दोन्ही गिऱ्हाइकांना आणि त्याच्या बायकोला द्यावी. माझ्या भावाचे कान त्या दिवशी माझ्या पाहण्यातल्या कुठल्याही कानांपेक्षा चांगले होते, हे मी माझ्या नोकरीची शपथ घेऊन लिहिते.

कलम ७. राहिला मूळ वाद, की असल्या हेडफोनला वेगळ्या अँप्लिफायरचा उपयोग होतो की नाही. याचा निकाल मी देऊ शकत नाही. मार्चपासून मी रोज प्रयत्न केला. डोळे मिटून खटका दहादा, पंधरादा फिरवला, की आपण कुठे आहोत ते विसरावं. पण बोटं विसरत नाहीत. खटका खाली गेल्याचं त्यांना कळतं, आणि मग मला त्यात ढोलकीचा घुमारा जास्त भरीव वाटतो. तो पेटीचा आहे की धाकट्याचा, ते ओळखता येत नाही. ही चाचणी एकट्याने होतच नाही. पाठीमागे उभं राहून खटका बदलणारं दुसरं माणूस लागतं. चौतीस वर्षं ते दुसरं माणूस मी होते, म्हणून हे कधी ध्यानात आलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "मी बदलते ना खटका, त्यात काय?" मी नको म्हटलं. ते माणूस ठरलेलं आहे.

मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, हे सगळं सांगायला मरायची काय गरज आहे? फोन करा की."

केला होता. एप्रिलमध्ये. पलीकडे "हॅलो" ऐकू आलं, पुढचं काही कळलं नाही. फोनवर मला आता आवाज येतो, शब्द येत नाहीत. तो एकदा बोलला, पुन्हा बोलला, काय बोलला देव जाणे, आणि मी फोन ठेवून दिला. लिहिण्यात ती भीती नाही.

कलम ८. म्हणून या मृत्युपत्राची एक प्रत मी हयात असतानाच धाकट्याला पोस्टाने जाईल. वकीलबाई म्हणतात, असं कुणी करत नाही. न करोत. कलम ५ मधल्या वस्तू तो माझ्या हयातीत घेऊन गेला, तर ते कलम आपोआप रद्द समजावं.

धाकट्या, टेबलाशी दोन खुर्च्या मांडल्या आहेत. या वेळी हेडफोन लावून मी बसणार आणि खटका तू बदलायचास. माझे दहाच येतील बहुतेक. मोठ्याने हसायची तुला मुभा आहे.

इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलं तेच तुला सांगते. आवाज आला असेल, तर बटण दाब. दारावरचं. बेलचा आवाज मला अजून येतो, तेवढं मी तपासून घेतलं आहे. उशिरा दाबलंस तरी चालेल, चाचणीत मी कधी कुणाला घाई केली नाही. फक्त फार उशीर नको.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलं, वाचून पाहिलं आणि खालील दोन साक्षीदारांच्या समोर त्यावर सही केली. आधीचं कोणतंही मृत्युपत्र मी केलेलं नाही.

सही: (बीपबाई म्हणून परिचित)

साक्षीदार १: तळमजल्यावरचे शिंपी. सही केली.

साक्षीदार २: समोरच्या दवाखान्यातल्या नर्स. सही केली.

दोघांनीही सहीआधी, माझ्या विनंतीवरून, दारावरची बेल एकेकदा वाजवून पाहिली. दोन्ही वेळा मला ऐकू आली.

स्थळ: माझ्या घराची मागची खोली, खिडकीजवळचं टेबल.

दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी सव्वाचार. खटका खाली आहे.