अक्का, तुझ्या चरबीचा मला हेवा वाटतो

अक्का,

तुझं वर्षश्राद्ध झालं तरी तुला काही लिहावंसं वाटलं नव्हतं. आज माझ्या माधवचा साखरपुडा झाला आणि मांडवात मला पुन्हा तुझा हेवा वाटला. गेलेल्या बहिणीवर कोणी असं जळतं का? मी जळते.

लहानपणापासून तू गोल आणि मी काडी. बायका कौतुक माझ्या कमरेचं करायच्या, जेवायला मात्र तुझ्या शेजारी बसायच्या. माधवसुद्धा सुट्टी लागली की पापनाशमची बस धरून पेरियम्माकडे, म्हणजे तुझ्याकडे, पळायचा. "पेरियम्माच्या मांडीवर झोप लागते, तुझी हाडं टोचतात," असं माझ्या पोटचं पोर मला म्हणालं. तू हसलीस. मी तेव्हा हसले नाही, अजूनही हसू येत नाही.

आईला साखर होती म्हणून आपण दोघी रक्त तपासायला गेलो, आठवतं? डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट वाचला, तुझ्याकडे पाहिलं आणि तुलाच रागवायला लागले. भात कमी करा, गोड बंद करा, वजन उतरवा. तू सगळं ऐकून घेतलंस आणि हळूच म्हणालीस, "डॉक्टर, हा रिपोर्ट हिचा आहे. माझी साखर नीट आहे."

परत येताना तू अशोका हलवा घेतलास. माझ्यासमोर खाल्लास, वर म्हणालीस, "तुझ्या वाटचाही मीच खाते, वाया कशाला घालवायचा?" त्या दिवशी जरा थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं?

पुढे गोळ्या मी घेतल्या, पथ्य मी केलं, आणि न्यूमोनियानं बघता बघता गेलीस तू. भेटायला आलेल्या बायका विचारत होत्या, "त्यांना साखर असेल ना?" नाही, मला आहे, असं प्रत्येकीला मीच सांगत होते.

गेल्या महिन्यात आमच्या नव्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलंच, "माझी बहीण एवढी जाड, तिला काही झालं नाही. मलाच का?" त्या म्हणाल्या, "चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, ती हार्मोन्स सोडते. त्यातलं एक ॲडिपोनेक्टिन. ते असलं की स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं ऐकतात. कातडीखाली, मांड्यांवर, कमरेखाली साठलेली चरबी सहसा फारसा त्रास देत नाही. तीच पोटात, यकृताभोवती साठली की सुजते. मग ॲडिपोनेक्टिन कमी होतं, आणि इन्सुलिनच्या आड येणारे पदार्थ वाढतात. तुमचे हातपाय बारीक आहेत, पण पोट बघा."

मी पोट पाहिलं. साडीत लपलेलं होतं. मग त्या म्हणाल्या, "पण प्रत्येक जाड माणूस तुमच्या बहिणीसारखा नशीबवान नसतो. तपासल्याशिवाय कळत नाही."

म्हणजे तुझी चरबीसुद्धा माझ्यापेक्षा गुणी निघाली, अक्का. आता यावर मी काय करू?

आणि आज तुझ्या लाडक्यानं मुलगी कोणती निवडावी? ओरत्तनाडूची रेवती. गोल चेहरा, भरलेली कंबर, पायसम दुसऱ्यांदा मागून घेणारी. माझ्यासारखी नाही, तुझ्यासारखी. मांडवात तिला पाहिलं आणि तुझा हेवा पुन्हा उफाळला. तेवढ्यात आपली नात्यातली आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्ताच एवढी, दोन बाळंतपणांत साखर लागणार हिला."

रेवतीनं वाटी खाली ठेवली. तिचे डोळे भरले. माधव उठायच्या आत मीच बोलले, "आत्या, साखर मला आहे. मला बघून कधी वाटलं तुम्हाला? कोणाच्या अंगात काय चाललंय ते डोळ्यांनी दिसत नाही." रेवतीनं माझा हात धरला, तिचा हात मऊ, गरम होता. माधव माझ्याकडे बघत होता, लहानपणी तुझ्याकडे बघायचा तसा. ती नजर मला इतक्या वर्षांनी मिळाली.

म्हणून शब्द देते. माझ्या घरात या पोरीचे घास कोणी मोजणार नाही. तिच्या अंगावरून कोणी तिचं भविष्य सांगणार नाही. तपासण्या वेळेवर होतील, बारीक असो की जाड, घरातल्या सगळ्यांच्या. मीही रोज चालेन, पोट उतरवेन. पण तुझा हेवा सोडेन असं मात्र कबूल करत नाही. तो गेला तर तुझ्याशी भांडायला माझ्याकडे काय उरेल?

तुझ्यावर अजून जळणारी,
तुझी धाकटी जानकी
तंजावूर