पस्तीस वॅटचं डोकं

३ ऑक्टोबर
आजपासून दुकानाचा कायापालट. आमच्या किट्वे शहरात वीज दिवसातून दोन-तीन तास येते, तीही स्वतःच्या मर्जीने. छपरावर सोलर आहे, पण बॅटरी एकच. तिच्यावर माझा टायपिंगचा कॉम्प्युटर आणि बायकोचा फ्रीझर असे दोघे जगतात. उपाय मला सापडलाय: कमी वीज खाणारा प्रोसेसर. एक चार कोरचा, पस्तीस वॅटवाला. दुसरा सहा कोरचा, पासष्टवाला. घाई करायची नाही. आधी तुलनेचा तक्ता.

७ ऑक्टोबर, दुपार
तक्ता छान जमतोय. मात्र त्यापायी सकाळपासून कॉम्प्युटर चालू राहिला, बॅटरी बसली, फ्रीझर बंद पडला. विकायला ठेवलेल्या सगळ्या फ्रीझिटच्या, म्हणजे पिशवीतल्या गोड बर्फाच्या कांड्यांचं सरबत झालं. बायको म्हणाली, म्वापेचे बाबा, वीज वाचवायचा हिशेब करण्यात सगळी वीज संपवलीत, आता हे तांबडं पाणी शाळेतल्या पोरांच्या गळ्यात कसं मारू? संशोधनाला घरातून कधीच पाठिंबा नसतो.

११ ऑक्टोबर
शाळेच्या हेडबाई, नामुकोलो मॅडम, स्वतः आल्या. वर्षअखेरच्या सगळ्या प्रश्नपत्रिका टाइप करून छापायचं काम आपल्याला! वर्षभराचं दुकान या एका कामावर चालतं. बायकोने अट घातली: काम वेळेवर झालं तर बॅटरी तुमची. नाही झालं तर फ्रीझरची, आणि दुकानाला कुलूप. लगेच कबूल केलं. बिचारी.

१२ ऑक्टोबर
समोर सिकाझ्वे म्हातारबांचं दुकान. टाइपरायटर आणि हँडल फिरवून प्रती काढायचं सायक्लोस्टाईल. अन्याय नको म्हणून त्यांनाही तक्त्यात घ्यायला गेलो. कामगिरी भागिले वॅट. त्यांचे वॅट शून्य. शून्याने भागता येत नाही, त्यामुळे नाइलाजाने त्यांना बाद केलं.

१९ ऑक्टोबर
निर्णय नाही. पासष्टवाला वेगवान आहे. पण मी दोन बोटांनी टाइप करतो. सहापैकी पाच कोर बसून राहतील, आणि बसून खाणाऱ्यांना पोसणं मला पटत नाही. बायको म्हणाली, मला कुठे पटतंय, तरी पोसतेय ना. विषयांतर.

२६ ऑक्टोबर
पस्तीसवाला नक्की. मधल्या काळात भाव वाढला. चांगल्या वस्तूचा वाढतोच. चुलतभाऊ लुसाकाहून बसने घेऊन येतोय.

३१ ऑक्टोबर
बसवला! दिवसभर टाइप केलं, तरी बॅटरी अर्धी शिल्लक. शिवाय फ्रीझरही चालू. बायको येऊन बघून गेली, काही बोलली नाही. लग्नानंतर असं प्रथमच. मला भरून आलं. कोणाला दिसू नये म्हणून पंख्याकडे तोंड करून बसलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सोमवारी परीक्षा. मॅडम कागदाची रिमं घेऊन हजर. वीज नव्हती. म्हटलं, काळजी नको, आपण आता बॅटरीवर छापू. प्रिंटरचं बटण दाबलं. इन्व्हर्टर एकदा किंचाळला आणि सगळं बंद.
पंखा काढला. पुन्हा तेच. बायकोचा फ्रीझर काढला. पुन्हा तेच. शेवटी प्रिंटर फिरवून मागची चिठ्ठी वाचली. आठशे वॅट. म्हणजे जवळजवळ इस्त्रीच. एरवी वीज असतानाच छापतो, त्यामुळे हे बघायची वेळ आली नव्हती.
मॅडम म्हणाल्या, मग एवढ्या मोठ्या तक्त्यात हा कुठे बसतो? मी शांतपणे सांगितलं की तो तक्ता प्रोसेसरचा आहे, यात प्रिंटर येत नाहीत. त्यांनी रिमं उचलली आणि रस्ता ओलांडून सिकाझ्वेंकडे गेल्या. बायकोने न बोलता फ्रीझरची वायर परत लावली. हे न बोलणं वेगळं होतं.

८ नोव्हेंबर
दुकान बंद. तात्पुरतं. बाहेर कुलूप आहे ते धुळीसाठी.
सिकाझ्वेंनी रात्रीत स्टेन्सिलं कापली, पण त्यांचा खांदा धरलाय. हँडल फिरवायला माणूस हवा होता. मी सल्लागार म्हणून गेलो. इतक्या प्रती निघणार असतील तर हँडलचा कोन बदलावा, असं सुचवलं. म्हातारबा म्हणाले, अरे म्वापेच्या बापा, डोकं नको चालवूस, हात चालव.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
सगळ्या प्रती निघाल्या. बोटं शाईने काळी.
तक्त्यात शेवटची ओळ वाढवली, पेन्सिलने. नाव: मी. वॅट: शून्य. खुराक: मक्याच्या पिठाच्या न्शिमाचे दोन गोळे, सुके मासे आणि एक फ्रीझिट, जी बायकोने रोख पैसे घेऊन दिली. कामगिरी: सकाळी बरी. दुपारनंतर तापतो.